लोखंडे सरांचं शुद्धिपत्र

लोखंडे सर जाऊन दीड वर्ष झालं, तरी माझा त्यांच्यावरचा राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मीही बोलणार आहे, पण आधी राग. या माणसानं माझ्याच हातानं माझ्याकडून एक खोटं काम करून घेतलं, आणि ते खरंच खोटं होतं का, हेही मला धड ठरवू दिलं नाही.

सर आष्ट्याचे. शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवायचे. पुढं मी लग्न होऊन सांगलीला आले आणि नवऱ्याच्या जोडीनं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत छोटा छापखाना टाकला. लग्नपत्रिका, बियाण्यांची पाकिटं, औषधांच्या खोक्यांवरची लेबलं, दिवाळीच्या आधी कॅलेंडरं. पुस्तक वर्षातून एखादं आलं तर आलं. निवृत्त झाल्यावर सर एके दिवशी तिथं उगवले. खांद्यावर खाकी पिशवी, पिशवीत सात जाड वह्या.

"सुनंदा, हे छापायचंय," म्हणाले. "घाई नाही."

त्या 'घाई नाही'वर मी विश्वास ठेवला, तिथंच चुकले. पुढची नऊ वर्षं दर गुरुवारी सर आष्ट्याहून एसटीनं सांगली आणि सांगलीहून वडापच्या जीपनं कुपवाड असे येत राहिले. गुरुवारी बाकी कुठलंच काम नीट होत नाही हे आमच्या गिऱ्हाइकांनासुद्धा पाठ झालं होतं.

सरळ उत्तर देण्याचं सरांना वावडं होतं. तब्येत कशी आहे म्हणून विचारावं तर "अंथरुणात नाही." चहा कसा झालाय? "पांचट नाही." सूनबाई कशा आहेत? "माझ्याशी भांडत नाहीत." नऊ वर्षांत या माणसानं एखादी गोष्ट चांगली आहे असं सरळ म्हटल्याचं मला आठवत नाही. नवीन मशीन आणलं तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्यांना दाखवायला नेलं. मशीनभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आवाज कमी नाही."

हे वळण जुनंच होतं. आम्ही नववीत असताना एकदा त्यांनी टेबलावर खडूचा एक तुकडा ठेवला आणि म्हणाले, "हे काय आहे ते सांगू नका. काय नाही ते सांगा." झालं. हा दगड नाही, हा साबुदाणा नाही, हा हेडसरांचा दात नाही. वर्ग खिदळत सुटला. अर्धा तास झाला तरी सर प्रत्येकाचं ऐकून मान हलवतच होते. शेवटी मी कंटाळून म्हणाले, "सर, हे संपतच नाहीये." सरांचा चेहरा असा उजळला की जणू मी बोर्डात पहिली आले. तो खडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "खडूचं संपत नाही, तर देवाचं कसं संपेल?" तेवढ्यात घंटा झाली. त्या वर्षी इंग्रजीचे दोन धडे शिकवायचे राहिले आणि पालकांनी तक्रार केली. त्यात माझे वडीलही होते.

त्या सात वह्यांत एका फार जुन्या ख्रिस्ती साधूच्या लिखाणाचं मराठी भाषांतर होतं. हा साधू कोण, इथंच सगळा घोळ. बायबलात एक ओळ आहे. येशूचा प्रेषित पौल अथेन्समध्ये बोलला तेव्हा काहींनी त्याची टिंगल केली आणि थोड्या लोकांनी विश्वास ठेवला. त्या थोड्यांत एक होता दिओनुस्य अरीयपगकर. मराठी बायबलात अगदी असंच छापलंय, आपल्या आष्टेकर-सांगलीकरांसारखं. या माणसाबद्दल तिथं एवढंच. पुढं साधारण पाचशे वर्षांनी, बहुधा सीरियाकडच्या कुणीतरी, स्वतःचं नाव न सांगता या अरीयपगकराच्या नावानं लिहिलं. जगानं ते हजारभर वर्षं पौलाच्या शिष्याचंच म्हणून डोक्यावर घेतलं. मग अभ्यासकांनी शोधून काढलं की हे लिखाण पौलाच्या काळातलं असूच शकत नाही. तेव्हापासून त्या नावाआधी 'छद्म' लावतात, म्हणजे खोटा. खरा लेखक कोण, ते आजवर कुणालाही कळलेलं नाही.

"त्यात आहे तरी काय, सर?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"देवाबद्दल जे जे म्हणशील ते पुसून टाकायचं. तो मोठा आहे, पुसा. तो प्रकाश आहे, पुसा. पुसून पुसून काही उरलं नाही की पुसणंही पुसायचं आणि अंधारात गप्प बसायचं."

आमचा मशीनमन बिरू हे ऐकत उभा होता. बिरू जतकडचा, घरची मेंढरं, बाप अजून कळप घेऊन फिरतो. तो म्हणाला, "आवं सर, देवाचं पुस्तक म्हंताय आन् पानापानावर न्हाई न्हाईच लिवलंय की."

"तुला पटत नाही?"

"न पटायला काय झालं? अंधारात मेंढरं दिसत न्हाईत, पर हायती ह्ये कळतंया. तसंच आसंल."

सरांनी खिशातलं पेन काढून ते वाक्य बसच्या तिकिटामागं लिहून घेतलं. चौथ्या वहीत ते जवळजवळ तसंच आलंय. माझ्याकडूनही त्यांनी असंच एक उचललं. लहानपणी आम्हाला जैन बस्तीतल्या पाठशाळेत शिकवलं होतं की एखादी वस्तू आहे म्हणता येतं, नाही म्हणता येतं, आणि ती अवक्तव्यही असते, म्हणजे शब्दांत न मावणारी. मी हे सहज बोलून गेले. सर खुर्चीतून उठले. "हा शब्द मी सहा वर्षं शोधतोय," म्हणाले. "आणि तू इथं लग्नपत्रिका छापत बसलीयेस."

एवढं झाल्यावर पुस्तक पटकन व्हायला हवं होतं की नाही? तर नाही. सर एका गुरुवारी सगळीकडचा 'अंधार' खोडून 'काळोख' करायचे आणि पुढच्या गुरुवारी सगळ्या 'काळोखा'चा पुन्हा 'अंधार'. अख्ख्या पुस्तकाची कच्ची प्रत मी अकरा वेळा काढून दिली. दर वेळी वाटायचं, सुटलो. दर वेळी खाकी पिशवीतून लाल शाईनं माखलेला गठ्ठा बाहेर यायचा. एकदा मी सरळ म्हणाले, "सर, हा माणूस देवाबद्दल गप्प बसा म्हणतो ना? मग त्याचं ऐका की." ते हसले, आणि पान एकशे बारावरचा एक स्वल्पविराम काढायला सांगितला.

मध्येच त्यांच्या चर्चच्या कमिटीनं हे पुस्तक आपल्या नावानं काढायची तयारी दाखवली. सर खूश झाले असावेत, कारण त्या दिवशी ते चहाबद्दल काहीच बोलले नाहीत. एका रविवारी उपासना झाल्यावर बैठक होती आणि छपाईचं सांगायला त्यांनी मलाही नेलं. कमिटीत एक निवृत्त इंजिनिअर होते, साळवेसाहेब. माणूस सज्जन. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि विचारलं, "सर, मूळ लेखक कोण?"

"माहीत नाही."

"मग वर अरीयपगकर कसं?"

"त्यानं तेच नाव घातलंय."

"म्हणजे नावातच लबाडी. आणि त्याच्यावर आपण चर्चचा ठप्पा मारायचा?"

सर म्हणाले, "साळवेसाहेब, तुमच्या मळ्यातल्या विहिरीवर नाव कुणाचं आहे?"

"आजोबांचं."

"बांधली कुणी?"

"वडिलांनी."

"मग वडिलांनी लबाडी केली का?"

"विहीर वेगळी आणि शास्त्र वेगळं," साळवेसाहेब म्हणाले, आणि दोघं-तिघांनी माना डोलावल्या. ठरलं असं की नावाआधी 'छद्म' घालायचं, तर चर्च पुस्तक काढेल. एक शब्द. मी मनात म्हटलं, घाला हो सर, सगळं जग घालतंय. पण सर एकेक वही पिशवीत भरायला लागले. "माणसाला खोटा म्हणून हाक मारायची आणि त्याच्याकडूनच प्रार्थना शिकायची, हे मला जमायचं नाही," म्हणाले. मला साळवेसाहेबांचंच पटलं होतं.

शेवटी मी म्हटलं, आपणच छापू. तीनशे प्रती काढू, पण एकदाचं हे मार्गी लावू. तोवर सरांना काचबिंदूनं गाठलं होतं. एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं होतं, दुसऱ्यानं भिंग धरून थोडंफार. वेळ थोडा होता हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी पहिलं पान काढलं. वर मूळ लेखक म्हणून अरीयपगकर, त्यांच्या मनासारखं. खाली 'अनुवाद : शमुवेल लोखंडे'. सरांनी भिंग धरलं, लाल पेन काढलं, स्वतःचं नाव खोडलं आणि त्या जागी लिहिलं, 'दाविदबाबा, उंब्रज'.

हे दाविदबाबा कोण, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सरांची पहिली नोकरी उंब्रजला होती. तिथं हायवेकाठच्या गावांतून येशूची शिकवण सांगत सायकलवर फिरणारे एक म्हातारे सुवार्तिक होते, दाविदबाबा. शिक्षण सातवी. कुणी मिशनरी बाई परत जाताना त्यांना एक इंग्रजी पुस्तक देऊन गेल्या होत्या, तेच हे. बाबा संध्याकाळी स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर बसून सरांकडून त्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ विचारून घ्यायचे आणि वहीत मराठी उतरवायचे.

सरांनी पिशवीच्या तळातून ती वही काढली. शाळकरी, चौकटीची, पेन्सिलीनं लिहिलेली. तीनच पानं भरलेली. पहिलं वाक्य माझं पाठ आहे: "देव हाय म्हणायलाबी भ्या वाटतं. मीठ हाय म्हंतो, म्हस हाय म्हंतो, त्याच हायमदी देवाला कसं बसवायचं?"

सरांनी ते वाक्य अकरा वेळा लिहिलं होतं, दर वेळी जास्त शुद्ध, आणि एकदाही त्याच्या जवळ पोचले नव्हते.

"बाकीचं बाबांनी तोंडी सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगायला राहिले कुठं? त्याच वर्षी गेले."

"म्हणजे या सात वह्या तुमच्या."

"अक्षर माझं आहे."

"सर, तुम्ही पस्तीस वर्षं घासलीत. बाबांनी तीन पानं लिहिली. त्यांचं नाव घालणं म्हणजे धडधडीत खोटं आहे."

"मग अरीयपगकरही खोटा. साळव्यांचा बापही खोटा. ठरव."

"मला ठरवायला लावू नका."

"बरं. पान सातवरचा अवक्तव्य कुणाचा?"

"माझा."

"मेंढरं कुणाची?"

"बिरूची."

"मग तुम्हा दोघांची नावं घालू? बाबांनी त्या एका वाक्यात सगळं सांगितलंय, सुनंदा. मी नुसता त्याच्यामागून चालत आलो. ज्याच्यामागून चालायचं त्याचं नाव घ्यायचं. त्या सीरियावाल्यानं दुसरं काय केलं?"

आमच्या घरात लहानपणापासून एक धाक होता, खोटं बोलायचं नाही आणि खोट्याला हातभारही लावायचा नाही. मला हे सहन होईना. मी म्हणाले, "आणि तुमचं काय? तुम्ही गेल्यावर तुमचं नाव कुठंच राहणार नाही. याचा तुम्हाला काहीच त्रास होत नाही?"

सरांनी भिंग पुसलं, डबीत ठेवलं, डबी पिशवीत ठेवली.

"होत नाही असं नाही," म्हणाले.

त्या एका वाक्यावर मी ठरवलं. छपाईला लागेपर्यंत सरांना भिंगानंही अक्षर दिसेनासं झालं होतं, मुखपृष्ठ त्यांना वाचता येणार नव्हतं. मी त्यांचं नाव ठेवलं. मी आणि बिरूनं मिळून नुसतं ठेवलं नाही, मोठं केलं. आम्ही मूळचे लग्नपत्रिकावाले. एखाद्या नावाचा मान करायचा म्हणजे आम्हाला एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे उठावाची अक्षरं. वधूवरांची नावं जशी कागदातून वर येतात, तसं 'शमुवेल लोखंडे' मुखपृष्ठावर वर आणलं. झकास दिसत होतं. एवढ्या मोठ्या कटात आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो हातानं वाचतो.

गुरुवारी सर आले. मी पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी कडा चाचपल्या, पाठ चाचपली, मग अंगठा मुखपृष्ठावरून खाली आणला. अंगठा थांबला. मागं गेला, परत पुढं आला. बिरू हळूच मशीनमागं सरकला.

"शुद्धिपत्र काढ," सर म्हणाले.

छापून झाल्यावर चूक सापडली की छापखाना एक चिठ्ठी काढतो आणि पहिल्या पानावर चिकटवतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी भांडले. रडलेसुद्धा, रागानं. शेवटी त्यांनी सांगितलं तसं मी टाईप केलं: 'मुद्रणदोषामुळे मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव चुकीचे छापले गेले आहे. तेथे दाविदबाबा, उंब्रज असे वाचावे. क्षमस्व.' माझ्या छापखान्यातून गेल्या वीस वर्षांत गेलेला हा एकमेव मुद्रणदोष, आणि तो दोषच नव्हता.

सर त्यानंतर तीनेक महिन्यांनी आष्ट्याला झोपेतच गेले. बाबांची वही त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे त्यांच्याबरोबर शवपेटीत ठेवली. मग गेल्या महिन्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. ती या विषयावर संशोधन करते. पुस्तक तिला जुन्या बाजारात मिळालं. ती भारावून गेली होती. "दाविदबाबांना ग्रीक येत होतं का हो?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. वह्या, अकरा वेळा, तीन पानं, सगळं. एक तास बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पण मॅडम," ती म्हणाली, "मुखपृष्ठावर एक नाव आणि शुद्धिपत्रात दुसरं. शुद्धिपत्र नंतरचं, म्हणजे मला तेच धरावं लागेल."

"अहो, मी सांगतेय ना. मुखपृष्ठावरचंच खरं."

"शुद्धिपत्र तुमच्याच छापखान्याचं आहे ना?"

मी हो म्हणाले. ती म्हणाली, फार तर मी तळटीपेत लिहीन की अनुवाद लोखंडे नावाच्या एका शिक्षकानं केला असाही एक समज आहे. समज. फोन ठेवून मी बाहेर अंगणात येऊन उभी राहिले, कारण आत बिरू होता आणि मला कुणाशी बोलायचं नव्हतं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या शुद्धिपत्राच्या गुरुवारी. चिठ्ठ्या कापून झाल्यावर ते बाइंडिंगच्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, मीच चिकटवतो. खळीची वाटी ठेवली. पण पहिली चिठ्ठी उलटी बसली, दुसरी तिरकी. मग मी खुर्ची ओढली. मी खळ लावून चिठ्ठी बसवायची आणि प्रत त्यांच्याकडे सरकवायची. ते आतल्या पानावर अंगठा फिरवून खात्री करायचे आणि बाजूला रचायचे. तीनशे प्रती. दुपार गेली. शेवटी एक प्रत मी मांडीवर लपवली आणि झालेल्यातलीच एक परत त्यांच्याकडे सरकवली.

"ही मघाचीच आहे," सर म्हणाले, आणि हात पुढं करून वाट बघत बसले.

मी ती मांडीवरची प्रत काढली, चिठ्ठी लावली आणि दिली. "मी सगळ्यांना खरं सांगणार आहे," म्हणाले. "कुणीही विचारलं तरी."

"सांग की. तुला कोण अडवतंय?" सर म्हणाले. "फक्त शुद्धिपत्र तुझ्या छापखान्याचं आहे, एवढं विसरू नकोस." आणि हसले. मला हसू आलं नाही.

बिरूनं त्यांना हाताला धरून नाक्यापर्यंत नेलं. मीही मागून गेले, रागातच. वडाप भरायची होती, सर खिडकीशी बसले होते. मी बाहेर उभी आहे हे त्यांना दिसत नव्हतं. पुस्तक मांडीवर होतं, मिटलेलं. त्यावर त्यांचा अंगठा होता. तो मुखपृष्ठावर खाली, जिथं अक्षरं वर आलीत तिथं, डावीकडून उजवीकडे जात होता, शेवटी पोचून परत पहिल्या अक्षरावर येत होता. गाडी सुटेपर्यंत तो थांबला नाही.